बीएस्सी करताना फिजिक्स-खगोलशास्त्रात खरं संशोधन करता येतं का? (मुंबई आणि आसपास)

बदलापूरची_चित्रा | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी एफवायबीएस्सीला आहे, फिजिक्स-मॅथ्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सकाळी सहाची लोकल पकडून कॉलेजला जाते. कॉलेज चांगलं आहे, सरही मनापासून शिकवतात. पण प्रॅक्टिकलला जे प्रयोग करतो त्यांची उत्तरं आधीच्या बॅचच्या जर्नलमध्ये असतातच. लोलक घ्या, स्पेक्ट्रोमीटर घ्या, न्यूटनची वलयं घ्या. वाचन चुकलं तर उत्तराकडून उलटं मोजत वाचन 'बसवायचं', हेही सगळे करतात. मला ते करवत नाही.

सातवीत बाबा मला वांगणीला रात्रभराच्या आकाशदर्शनाला घेऊन गेले होते. पहाटे थंडीत कुडकुडत दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली आणि तेव्हाच ठरवलं की हेच शिकायचं. आता प्रश्न असा आहे की जिचं उत्तर कुणालाच आधी ठाऊक नाही अशी एखादी गोष्ट, छोटी का होईना, मला आत्ता करता येईल का? की एमएस्सी होईपर्यंत थांबायचं? मुंबईत कुठे विचारायचं? इंग्रजी बोलताना मी अडखळते, त्याने अडेल का?

आणखी एक. इन्स्टाग्रामवर 'खगोलभौतिकी इंटर्नशिप, चार आठवडे, प्रमाणपत्रासह' अशी जाहिरात दिसली. फी आठ हजार. भरावी का? बाबांना विचारायचं धाडस अजून केलं नाही.

---

मृगशीर्ष | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

चित्रा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. भरू नकोस. मी अकरावीनंतर अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते, नाव लिहीत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी आणि एक रंगीत प्रमाणपत्र. चार आठवड्यांत एकाही माणसाशी बोलणं झालं नाही. ते पैसे आईने भिशीतून दिले होते, म्हणून आजही वाईट वाटतं. खऱ्या संशोधन संस्था बीएस्सीच्या मुलांकडून सहसा पैसे घेत नाहीत. उलट बऱ्याच ठिकाणी विद्यावेतन मिळतं, राहायची सोय होते, प्रवासखर्चही मिळतो. कोण कोणाला पैसे देतंय, एवढं पाहिलंस तरी निम्मी पारख होते.

आता मुख्य गोष्ट. तू पहिल्या वर्षाला आहेस हे फार बरं झालं, कारण 'एनआययूएस' तुझ्यासाठीच आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र माहीत असेल, ऑलिंपियाडवालं. ते टीआयएफआरचाच, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग आहे. त्यांनी २००४ साली पदवीच्या मुलांसाठी हा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. देशभरातून मुलं निवडतात, सुट्टीत शिबिराला बोलावतात, व्याख्यानं आणि प्रयोग होतात. ज्यांना पुढे जायचंय त्यांना मार्गदर्शक आणि प्रकल्प मिळतो. तो प्रकल्प एका सुट्टीत संपत नाही. हिवाळ्यात पुन्हा जायचं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा, मधल्या काळात घरून काम. मी दोन वर्षं जातेय.

तिथे पहिल्या दिवशी मला जे वाटलं ते सांगते. प्रयोगाच्या टेबलावर उपकरणं होती आणि एका कागदावर फक्त प्रश्न होता. पुढची कृती लिहिलेलीच नव्हती! मी अर्धा तास नुसती बसून होते. शेजारचा केरळचा मुलगाही तसाच. मग आम्ही दोघांनी काहीतरी मोजायला घेतलं, ते चुकलं, मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "का चुकलं ते सांगता आलं तर आजचं काम झालं." तू बसवलेल्या वाचनांबद्दल लिहिलंयस ना, तिथे बसवलेलं वाचन लगेच पकडलं जातं, कारण बसवायला उत्तरच नसतं.

इंग्रजीचं म्हणशील तर माझंही मराठी माध्यम, चिपळूण तालुका. पहिले तीन दिवस गप्प होते. मग लक्षात आलं की फळ्यावर आलेख काढला की भाषा आपोआप सुटते.

---

व्याध | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

मी मुंबईतच पीएचडी करतोय, चौथं वर्ष. मृगशीर्षने उत्तम सांगितलं, त्यात थोडी भर घालतो.

मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात, ती थोडक्यात उरकतो. कुलाब्याच्या टीआयएफआरचा 'व्हीएसआरपी' हा उन्हाळी कार्यक्रम. त्यात पुण्याचं एनसीआरएही येतं, म्हणजे खोडदचं जीएमआरटी, ती मोठी रेडिओ दुर्बीण, चालवणारी संस्था. नारळीकर सरांनी १९८८ मध्ये उभी केलेली पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका, तिचा सुट्टीतला प्रकल्प-कार्यक्रम आणि उन्हाळी शाळा. हे बहुतेक पुढच्या वर्षांतल्या मुलांसाठी असतं. जाहिरातीत विषयवार पात्रता लिहिलेली असते, ती ओळन् ओळ वाचावी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला मात्र तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप नक्की भर. बेंगळुरूच्या अकादमीच्या संकेतस्थळावर अर्ज असतो. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम. त्यासाठी तुला काय करायचंय याचं छोटं टिपण आणि आपल्या शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. मुलं उन्हाळी कार्यक्रम म्हणून मार्चमध्ये शोधायला लागतात, आणि अर्जांची मुदत तर त्याच्या बरीच आधी संपलेली असते. दरवर्षी चांगली मुलं फक्त यामुळे हुकतात.

चित्रा, तुला बारावीला किती मार्क होते मला माहीत नाही, पण बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असशील तर 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती पाहा. वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळ्यात कुणा मार्गदर्शकाकडे संशोधन प्रकल्प करण्यासाठीच ठेवलेले असतात. अनेकांना साठ हजारांचं ठाऊक असतं, प्रकल्पाचं नसतं.

आणि एक मार्ग ज्याला कुठलीच जाहिरात लागत नाही, तो म्हणजे मेल. आमच्या सरांना रोज असे मेल येतात. "आदरणीय महोदय, मला लहानपणापासून विश्वाची ओढ आहे, कृष्णविवरांवर काम करायचं आहे." आमचा गट कृष्णविवरांवर काम करत नाही. तोच मेल पन्नास जणांना गेलेला असतो, हे वाचणाऱ्याला कळतं. उत्तर न येण्याचं कारण उद्धटपणा नसतो, त्या मेलमध्ये उत्तर देण्यासारखं काही नसतं.

मला एकदा एका एसवायच्या मुलीचा मेल आला होता. तिने आमच्या शोधनिबंधातली तिसरी आकृती स्वतः पायथनमध्ये काढून पाहिली होती. तिचे बिंदू एका जागी जुळत नव्हते, तर काय चुकतंय असं विचारलं होतं. सोबत तिची आकृती. सहा ओळींचा मेल. सरांनी त्याच दिवशी तिला भेटायला बोलावलं. तिचे मार्क किती, हे नंतर विचारलं गेलं.

---

विक्रोळीचे_मास्तर | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

मी ३१ वर्षं बीएस्सीला फिजिक्स शिकवून निवृत्त झालो. तरुण मित्रांचा उत्साह पाहून आनंद झाला, पण एक मतभेद नोंदवतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने संशोधनाच्या मागे लागणं ही घाई आहे. यामिकी, विद्युतचुंबकत्व आणि गणित पक्कं नसताना प्रकल्प केला की मुलं सॉफ्टवेअरचं बटण दाबायला शिकतात आणि त्यालाच संशोधन समजतात. मी अशी मुलं पाहिली आहेत. प्रकल्पाच्या अहवालात वर्णपट छापलेला, पण ग्रेटिंगचं समीकरण विचारलं तर शांतता. चित्राने दोन वर्षं गणितं सोडवावीत. आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची एनजीपीई ही पदवीच्या मुलांसाठीची परीक्षा द्यावी. ती परीक्षा मुलांना आपण कुठे आहोत ते प्रामाणिकपणे सांगते.

---

व्याध | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

सर, आदर राखून असहमत. गणितं सोडवायलाच हवीत, त्यावर दुमत नाही. पण मला फूरिए रूपांतर, म्हणजे संदेशातल्या वारंवारता वेगळ्या करायचं गणित, वर्गात कळलं नव्हतं. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचा डेटा खुला आहे. १४ सप्टेंबर २०१५ ची ती पहिली गुरुत्वीय लहर कुणालाही उतरवून घेता येते. एका रात्री हॉस्टेलवर त्या गोंगाटातून ती लहर बाहेर काढताना मला फूरिए कळला. आधी गरज निर्माण झाली, मग पुस्तक उघडलं. काही मुलांचं डोकं या दिशेनेच चालतं. आता तर लायगो-इंडिया आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होते आहे. ती उभी राहील तेव्हा आज बीएस्सीला असलेली मुलंच तिथे कामाला लागतील.

---

लॅमिंग्टन_रोड | १५ नोव्हेंबर, रात्री ११:५०

दोघांच्या मध्ये मी माझं सांगतो. मी इंजिनीअर, नोकरी करतो. पण एसवायला असताना आम्ही तिघांनी आमच्या मुलुंडच्या गच्चीवर आकाशगंगेतला हायड्रोजन ऐकला. हो, मुंबईच्या गच्चीवर.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटर तरंगलांबीचा रेडिओसंदेश सोडतो, वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ. १९५१ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने आपल्या पीएचडीच्या कामात हाच संदेश पहिल्यांदा पकडला, आणि तोही प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या एका लाकडी कर्ण्याने. कर्ण्याचं तोंड आकाशाकडे, त्यामुळे पाऊस आत यायचा आणि येणारेजाणारे विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे टाकायचे. हे वाचलं आणि आम्ही म्हटलं, कर्णा तर आपणही करू शकतो.

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, तळाशी थिनरचा आयताकृती पत्र्याचा डबा. डब्यात तांब्याची तार, तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे सव्वापाच सेंटीमीटरच्या आसपास. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर कनेक्टर आणि केबल घेतली. टीव्हीसाठी मिळतो तो आरटीएल-एसडीआर डोंगल आणि १४२० चा फिल्टर लावलेला अ‍ॅम्प्लिफायर ऑनलाइन मागवला. सगळे मिळून साडेनऊ हजार, तिघांत वाटून.

पहिला महिना काहीही दिसलं नाही. नुसते मोबाइल टॉवर. मग कळलं की अ‍ॅम्प्लिफायर केबलच्या लॅपटॉपकडच्या टोकाला लावला होता, तो कर्ण्याच्या तळाशी, डब्यालगत हवा. केबलमध्ये संदेश आधी मरतो, मग मेलेला संदेश मोठा करून काय उपयोग? हे पुस्तकात होतंच, पण मास्तर, खरं सांगतो, ते आम्हाला गच्चीवरच कळलं. ऑगस्टमध्ये एका दुपारी, आभाळ गच्च भरलेलं, हंस तारकासमूहाचा भाग उगवून वर आला तशी आलेखात एक बारीक टेकडी उभी राहिली. ढगांनी २१ सेंटीमीटरला काही फरक पडत नाही, आणि दिवस असो की रात्र. पावसाळ्यात मुंबईत खगोलशास्त्र करायचं असेल तर हेच!

टेकडी १४२०.४ वर नव्हती, किंचित सरकलेली होती. १०० किलोहर्ट्झ सरकली म्हणजे तो वायू साधारण २१ किलोमीटर दर सेकंद वेगाने आपल्याकडे येतोय किंवा लांब जातोय. त्यातून पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेग वजा करायचा, तर त्या दिवशी पृथ्वी कुठल्या दिशेने चालली होती ते काढावं लागतं. तिघं वही घेऊन बसलो. मास्तर, यामिकीची सगळ्यात जास्त गणितं मी त्या आठवड्यात सोडवली.

त्या जोरावर माझ्या मित्राची पुण्यातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या हिवाळी शाळेत निवड झाली. एनसीआरए आणि आयुका मिळून घेतात, डिसेंबरमध्ये, बीएस्सी आणि इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी. तो आज रेडिओ खगोलशास्त्रातच आहे.

---

अमेयची_आई | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

माझा मुलगा बारावीला आहे आणि त्यालाही हेच करायचं आहे, म्हणून वाचते आहे. सगळं छान वाटतं, पण घर चालवणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न पडतो. पाच वर्षं शिकून, मग पीएचडी पाच-सहा वर्षं. तोवर खायचं काय? आमच्याकडे याचे बाबा रिक्षा चालवतात. इंजिनीअरिंग केलं तर चार वर्षांत हातात पगार येतो.

---

व्याध | १६ नोव्हेंबर, दुपारी १:००

ताई, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. पीएचडीला फी भरून शिकत नाही, फेलोशिप मिळते. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची फेलोशिप, महिना ३७,००० आणि पुढची एसआरएफ ४२,००० रुपये आहे, काही ठिकाणी वर घरभाडंही मिळतं. माझे वडील गिरणीत होते, गिरण्या बंद झाल्या तेव्हा मी लहान होतो. माझ्या फेलोशिपमधून दर महिन्याला घरी पैसे जातात. फार नाही जात, पण जातात. नंतरची कायमची नोकरी मात्र सोपी नाही, हे मी लपवणार नाही. माझ्या आधीच्यांतले काही प्राध्यापक झाले, काही डेटाच्या कामात कंपन्यांत गेले.

अमेय बारावीला आहे तर कलिनाचं 'सीईबीएस' जरूर पाहा. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं केंद्र, २००७ पासून. पाच वर्षांचं एकात्मिक एमएस्सी, 'नेस्ट' परीक्षेतून प्रवेश. मुंबईतच असल्याने घराजवळ राहून होईल.

---

मृगशीर्ष | १६ नोव्हेंबर, दुपारी १:४०

सीईबीएसवरून आठवलं. तिथल्याच खगोलशास्त्रज्ञांनी चालवलेलं 'रॅड अ‍ॅट होम' आहे, २०१३ पासून. जीएमआरटीने टिपलेल्या रेडिओ आकाशाच्या प्रतिमा स्वयंसेवकांनी घरबसल्या पाहायच्या आणि विचित्र आकाराच्या दीर्घिका शोधायच्या. जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणात आकाशाचा ९० टक्के भाग आला आहे आणि त्याच्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या आहेत. कॉलेज, शहर कुणी विचारत नाही. चित्रा, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर मोबाइलवरही पाहता येईल!

---

विक्रोळीचे_मास्तर | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२५

लॅमिंग्टनवाल्या मुलाचं वाचून मी माझं मत थोडं बदलतो. पूर्ण नाही. पुस्तकाला पर्याय नाही हे कायम, पण गरजेतून पुस्तक उघडणं हा मार्ग मी माझ्या विद्यार्थ्यांना पुरेसा दिला नाही, हे मान्य करतो.

त्याबदल्यात मुलांसाठी एक विषय देतो, जो आपल्या मुंबईचाच आहे. कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा सुरू झाली. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद दर तासाला होत असे, आणि क्षेत्र अस्वस्थ झालं की दर पंधरा मिनिटांनी, दर पाच मिनिटांनी. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टनने सूर्यावर एक झगझगीत भडका पाहिला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. युरोपातल्या अनेक ठिकाणी मोजपट्टीच पुरी पडली नाही, काटा पट्टीबाहेर गेला. कुलाब्याला माणसं डोळ्यांनी वाचन घेत होती, त्यामुळे नोंद टिकली. चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (हे त्या क्षेत्राचं एकक) घट. २००३ साली आपल्या भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह तीच नोंद उघडून त्या वादळाची तीव्रता काढली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुलाब्यात कुणीतरी झोप न काढता लिहिलेले आकडे आज जगभर वापरले जातात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने चुंबकमापकांचं काम बिघडलं असतं, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं घेतली, जोड तुटू नये म्हणून. ती मालिका अजून चालू आहे, आणि भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे.

आता प्रश्न. मे २०२४ च्या वादळात, ज्यात लडाखला हान्लेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, वादळाची तीव्रता सांगणारा डीएसटी निर्देशांक उणे चारशे नॅनोटेस्लाच्या आसपास गेला. वर्तमानपत्रं लगेच १६०० आणि ४०० शेजारी ठेवतात. ते चूक आहे. १६०० हा एकाच ठिकाणचा आणि दिवसाच्या एका वेळेचा आकडा. डीएसटी हा पृथ्वीवर पसरलेल्या चार केंद्रांच्या नोंदींवरून काढलेला तासाचा निर्देशांक. मग २०२४ च्या वादळात फक्त अलिबागला किती घट झाली? ती डीएसटीपेक्षा वेगळी का? अलिबागला तेव्हा दिवस होता की रात्र? वादळ नसतानाही रोज होतो त्या शांत चढउताराचं काय करायचं? हा डेटा मागितला तर मिळतो. दोन हुशार मुलं, एक लॅपटॉप आणि सहा महिने. याचं उत्तर आधीच्या बॅचच्या कुठल्याही जर्नलमध्ये लिहिलेलं नाही, चित्राबाई.

कुणी करणार असेल तर दर शनिवारी संध्याकाळी मी विक्रोळीला घरी असतो. खासगी निरोप पाठवा. चहा माझ्याकडे.

---

टीवाय_ठाणे | १७ नोव्हेंबर, रात्री १२:३०

मास्तर, मी येतो. खरंच येतो. माझं तिसरं वर्ष आहे, चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं आहे. त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. माझे आत्ता ७३ आहेत. दोन टक्क्यांसाठी रात्री झोप येत नाही. पण हा विषय वाचल्यावर वाटलं की टक्के झाले नाहीत तरी हे काम तर करता येईल.

व्याधदादा, अकादमीच्या फेलोशिपचा अर्ज मी अर्धवट भरलाय. शिफारसपत्रासाठी सरांकडे कसं जायचं? त्यांच्याकडे सव्वाशे मुलं आहेत, त्यांना माझं नाव तरी माहीत असेल का, शंका आहे.

---

व्याध | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

नाव माहीत नसेल तर आज माहीत करून दे. तास संपल्यावर जा. तू काय केलंयस त्याचं एक पान सोबत ने. कुठला प्रयोग, काय चुकलं, काय दुरुस्त केलं, पुढे काय करायचंय. शिक्षकाला पत्रात लिहायला काहीतरी खरं हवं असतं. "हा विद्यार्थी मेहनती व नम्र आहे" असं प्रत्येक पत्रात असतं, त्याने निवडणाऱ्याला काही कळत नाही. "याने चुंबकीय डेटामध्ये अमुक चूक शोधली" असं असेल तर कळतं. आणि शेवटच्या दिवशी जाऊ नकोस.

---

चेंबूर_हायस्कूल | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

शाळेत विज्ञान शिकवते. थोडं बाजूचं, पण सांगते. शास्त्रज्ञांशी पहिल्यांदा बोलायला भीती वाटते त्या मुलांनी टीआयएफआरच्या 'चाय अँड व्हाय' ला जावं. रविवारी सकाळी असतं, जुहूच्या पृथ्वी थिएटरला आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजला, २००९ पासून. प्रवेशाला पैसे नाहीत. मी दर वर्षी नववीच्या मुलींना नेते. तिथे कुणी मूर्ख प्रश्न म्हणत नाही. आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदचं जीएमआरटी सगळ्यांना पाहायला खुलं असतं. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. आमच्या मुली पहिल्या अँटेनाखाली उभ्या राहिल्या आणि बराच वेळ कुणी बोललंच नाही.

---

बदलापूरची_चित्रा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४५

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी तीनदा वाचलं. आठ हजार भरले नाहीत. बाबांना हा धागाच वाचायला दिला. ते व्याधदादांचं गिरणीचं वाचून बराच वेळ गप्प होते. आजोबाही गिरणीत होते.

मी ठरवलंय ते असं. एनआययूएसचा अर्ज यंदाच करणार. मास्तरांचा विषय टीवाय_ठाणे करत असतील तर मला फक्त ऐकायला आलं तरी चालेल. आणि लगेच, पैसे न लागता, आजच काय करता येईल असं शोधत होते, तर कॉलेजच्या ग्रंथालयात गुडरिकबद्दल वाचलं. ऐकू न येणारा मुलगा. १७८४ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने वृषपर्वा समूहातला डेल्टा हा तारा नुसत्या डोळ्यांनी पाहून त्याची तेजस्विता नियमाने कमीजास्त होते हे शोधलं. कालावधी ५.३७ दिवस. याच जातीच्या ताऱ्यांवरून पुढे दीर्घिकांची अंतरं मोजली गेली. तो माझ्याएवढाच होता आणि त्याच्याकडे लॅपटॉपही नव्हता!

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून उत्तर दिशा मोकळी आहे. काल आणि आज डेल्टा सापडला. पण एक अडचण आहे. काल आकाशात धुरकं होतं, सगळेच तारे फिके. मग तारा स्वतः मंद झाला की धुरक्याने, हे कसं ओळखायचं?

---

लॅमिंग्टन_रोड | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

एकट्या ताऱ्याकडे पाहू नकोस. त्याच्या शेजारी झीटा आणि एप्सिलॉन आहेत, छोटा त्रिकोण होतो. झीटा साधारण ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन ४.२ चा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). धुरकं तिघांवर सारखंच पडतं. डेल्टा झीटाच्या जवळ जातोय की एप्सिलॉनच्या, त्या दोघांमध्ये दहा पायऱ्या धरल्या तर कितव्या पायरीवर, एवढंच लिही. तारीख, वेळ मिनिटांपर्यंत, आकाश कसं होतं. गुडरिकही शेजारच्या ताऱ्यांशीच ताडून पाहायचा. कालची नोंद खोडू नकोस, पुढे 'धुरकं' असं लिहून ठेव.

---

विक्रोळीचे_मास्तर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आणि आदल्या दिवसाची नोंद पाहून आजची नोंद करायची नाही. वही बंद ठेवून वर जायचं. कालावधी ठाऊक असला की डोळा आपोआप वाचन 'बसवतो', बसवलेल्या वाचनांबद्दल तूच पहिल्या दिवशी लिहिलं होतंस. पंधरा रात्री झाल्या की आलेख काढून शनिवारी घेऊन ये. विक्रोळी स्टेशनच्या पूर्वेला उतर, टीवाय_ठाणे तुला तिकीटघराशी भेटेल. बाबांनाही घेऊन ये.

---

बदलापूरची_चित्रा | १९ नोव्हेंबर, रात्री ११:५५

आत्ताच गच्चीवरून खाली आले. झीटापासून तिसरी पायरी. कालची वही पाहिली नाही.